शेक्सपियर खरंच असं म्हणाला होता का? आयुष्य, नाटकं आणि त्याच्या नावावर फिरणारी वाक्यं

सकाळी मोबाइल उघडला की गुलाबाचं फूल, वाफाळता चहा आणि त्याखाली एखादं वाक्य येतं. वाक्याच्या शेवटी नाव असतं विल्यम शेक्सपियरचं. प्रेम, मैत्री, पैसा, नशीब, अपेक्षा अशा सगळ्या विषयांवर या माणसाने काही ना काही सांगून ठेवलंय असं वाटावं, इतकी ही वाक्यं आहेत.

यातली काही वाक्यं खरोखर त्याच्या नाटकांतली आहेत, काही दुसऱ्याच लेखकांची आहेत आणि काही तर अलीकडे कुणीतरी बनवलेली आहेत. जी खरी आहेत त्यांचीही एक गंमत आहे. ती शेक्सपियरने स्वतः कुणाला सांगितलेली नाहीत. त्याच्या नाटकातल्या एखाद्या पात्राने, एखाद्या प्रसंगात, बहुतेक वेळा काहीतरी मिळवण्यासाठी किंवा लपवण्यासाठी ती उच्चारलेली आहेत. ते पात्र कोण होतं हे कळलं की कित्येकदा वाक्याचा अर्थच उलटा होतो.

हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा

इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या बाजारपेठेच्या गावी 26 एप्रिल 1564 रोजी शेक्सपियरचा बाप्तिस्मा झाला. चर्चच्या नोंदवहीत ही तारीख आहे, जन्मतारीख मात्र कुठेच लिहिलेली नाही. त्या काळी जन्मानंतर दोन-चार दिवसांतच बाप्तिस्मा होत असे, म्हणून 23 एप्रिल हा त्याचा जन्मदिवस मानायची प्रथा पडली. तो वारला 23 एप्रिल 1616 रोजी. जन्म आणि मृत्यू एकाच तारखेला, ही गोष्ट लोकांना इतकी आवडते की जन्मतारीख अंदाजाने ठरवलेली आहे याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

त्याचे वडील जॉन शेक्सपियर हातमोजे बनवायचे, कातडं कमवायचे, लोकरीचा व्यापारही करायचे. आई मेरी आर्डेन सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरातली. आठ भावंडांत विल्यम तिसरा. त्याच्या आधीच्या दोन्ही बहिणी लहानपणीच गेल्या होत्या. तो जेमतेम तीन महिन्यांचा असताना गावात प्लेग शिरला आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. हे बाळ त्यातून वाचलं.

वडील पुढे गावच्या कारभारात वरपर्यंत चढले. 1568 मध्ये ते बेलिफ, म्हणजे आजच्या भाषेत नगराध्यक्ष झाले. नंतर मात्र घराला उतरती कळा लागली. कर्जं झाली, जमीन गहाण पडली. विल्यम गावच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकला असावा असं मानतात. त्या शाळेचे त्या काळातले हजेरीपट उरलेले नाहीत, पण अशा शाळांत लॅटिन भरपूर घोकून घेत आणि ओव्हिडसारखे रोमन कवी वाचून घेत. त्याच्या नाटकांत या वाचनाच्या खुणा जागोजागी दिसतात. विद्यापीठात तो कधी गेला नाही.

1582 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी त्याचं लग्न झालं. बायको अ‍ॅन हॅथवे त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी होती आणि लग्नाच्या वेळी गरोदर होती. पहिली मुलगी सुझाना 1583 च्या मे महिन्यात झाली. 1585 मध्ये हॅम्नेट आणि ज्युडिथ ही जुळी मुलं झाली. शेजारचं जोडपं होतं हॅम्नेट आणि ज्युडिथ सॅडलर, त्यांच्यावरून ही नावं ठेवली.

त्यानंतर सात वर्षं शेक्सपियर कागदपत्रांतून जवळजवळ गायब आहे. हरणांच्या चोरीवरून पळाला, मास्तरकी केली, नाट्यगृहाबाहेर घोडे सांभाळले अशा कितीतरी दंतकथा या रिकाम्या जागेत भरल्या गेल्या. त्या रंजक आहेत, पण एकीलाही आधार नाही.

लंडनमधला ‘उपटसुंभ’

1592 मध्ये तो सापडतो तो थेट लंडनच्या नाट्यव्यवसायात, आणि तेही शिव्या खाताना. रॉबर्ट ग्रीन हा विद्यापीठात शिकलेला नाटककार. त्याच्या नावाने त्या वर्षी छापल्या गेलेल्या एका पुस्तिकेत, दुसऱ्यांची पिसं लावून मिरवणाऱ्या एका उपटसुंभ कावळ्याचा उल्लेख आहे आणि त्यात शेक्सपियरच्या नावावर कोटी केलेली आहे. साधा नट असून हा नाटकं लिहायला लागला, हे पदवीधर मंडळींना झोंबलं होतं. एखाद्याची चिडचिड पुढे चारशे वर्षं त्या माणसाच्या यशाचा पहिला पुरावा म्हणून वाचली जाईल, याची ग्रीनला कल्पना नसणार.

लगेचच प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बंद पडली. तेव्हा शेक्सपियरने दोन दीर्घकाव्यं लिहून छापली आणि साउदम्प्टनच्या तरुण सरदाराला अर्पण केली. 1594 मध्ये ‘लॉर्ड चेंबरलेन्स मेन’ ही नाटक मंडळी उभी राहिली आणि तो तिच्यात सामील झाला. इथे तो नट होता, नाटककार होता आणि मुख्य म्हणजे भागीदार होता. त्या काळी नाटककाराला नाटकाचे एकरकमी पैसे मिळायचे आणि विषय संपायचा. शेक्सपियरला पैसा मिळाला तो गल्ल्यातल्या वाट्यातून. मंडळीचा मुख्य नट रिचर्ड बर्बेज. हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर या भूमिका पहिल्यांदा त्याने केल्या.

1598 च्या डिसेंबरात जागामालकाशी भाडेकराराचं भांडण विकोपाला गेलं. तेव्हा मंडळींनी आपलं जुनं लाकडी नाट्यगृह चक्क उतरवून काढलं. ते लाकूड थेम्स नदीपलीकडे नेलं आणि त्यातून 1599 मध्ये ‘ग्लोब’ उभं केलं. वर उघडं आकाश, खेळ दुपारच्या उजेडात. एक पेनी देणारे प्रेक्षक रंगमंचासमोरच्या पटांगणात उभे राहत, जास्त पैसे देणारे गॅलऱ्यांमध्ये बसत. बायकांच्या भूमिका कोवळी मुलं करत. मराठी वाचकाला यात बालगंधर्वांपर्यंत चालत आलेली आपली रीत आठवेल.

नटांना पूर्ण नाटकाची प्रत मिळत नसे. प्रत्येकाला फक्त आपली वाक्यं आणि त्यांच्या आधी येणारे दोन-चार शब्द, एवढंच लिहिलेलं भेंडोळं मिळायचं. बाकीचं नाटक तालमीत आणि प्रयोगात कळायचं.

1603 मध्ये राणी एलिझाबेथ वारली आणि पहिला जेम्स गादीवर आला. त्याने या मंडळीला राजाश्रय दिला आणि तिचं नाव ‘किंग्ज मेन’ झालं. ‘ऑथेल्लो’, ‘किंग लिअर’, ‘मॅक्बेथ’ ही नाटकं यानंतरच्या काही वर्षांतली. 29 जून 1613 रोजी ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात तोफेचा बार उडवला, ठिणगी गवताच्या छपरावर पडली आणि तासाभरात ग्लोब जळून गेलं. कुणी दगावलं नाही. एका प्रेक्षकाची विजार पेटली होती, ती बिअर ओतून विझवली असं त्या काळच्या एका पत्रात नोंदलेलं आहे.

उधारी, माल्ट आणि न पोचलेलं पत्र

नाटकांनी पैसा आला आणि शेक्सपियरने तो गावात गुंतवला. 1597 मध्ये स्ट्रॅटफर्डमधलं ‘न्यू प्लेस’ हे गावातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक घर त्याने विकत घेतलं. पुढच्याच वर्षी धान्यटंचाई असताना गावात साठ्यांची मोजणी झाली, तेव्हा त्याच्या घरी 10 क्वार्टर माल्ट असल्याची नोंद झाली. क्वार्टर हे धान्याचं जुनं माप. शेजारपाजारच्या इतर सधन घरांतही असे साठे होते, पण म्हणून हा तपशील सुखावह होत नाही. थोड्या रकमांच्या वसुलीसाठी त्याने गावातल्या लोकांवर कोर्टात दावेही लावलेले आहेत.

आता इथे एक प्रसिद्ध वाक्य आठवू. उसनं देऊही नये आणि घेऊही नये, या अर्थाचं. आर्थिक शहाणपणाच्या पोस्टवर ते हमखास असतं आणि खाली शेक्सपियरचं नाव असतं. प्रत्यक्षात शेक्सपियरला आलेलं एकच पत्र आज उपलब्ध आहे. ते 1598 मधलं आहे आणि त्यात रिचर्ड क्विनी हा गावकरी त्याच्याकडे 30 पौंड उसने मागतोय! हे पत्र क्विनीच्याच कागदपत्रांत सापडलं, म्हणजे बहुधा ते पाठवलंच गेलं नाही. शेक्सपियरने स्वतः लिहिलेलं एकही पत्र मात्र उरलेलं नाही. डायरी नाही, आत्मचरित्र नाही. सहा सह्या आहेत, त्यांतही नावाचं स्पेलिंग वेगवेगळं आहे. त्यामुळे ‘शेक्सपियर म्हणतो’ असं म्हणायला आपल्याकडे आधार फार थोडा. ‘शेक्सपियरचं अमुक पात्र म्हणतं’ एवढंच म्हणता येतं.

मग उसनवारीचं ते वाक्य कोण म्हणतं? ‘हॅम्लेट’मधला पोलोनियस.

वाक्य कुणाच्या तोंडी आहे?

पोलोनियस हा डेन्मार्कच्या राजाचा म्हातारा सल्लागार. मुलगा लेअर्टीस फ्रान्सला निघालाय आणि बाप त्याला उपदेशांचा डोस पाजतोय. कपडे कसे घालावेत, मित्र कसे जोडावेत, उसनं का घेऊ नये, आणि शेवटी, स्वतःशी प्रामाणिक कसं राहावं. हा शेवटचा उपदेश आज टॅटू म्हणून हातावर गोंदवतात. नाटकात पुढे काय होतं? हाच बाप मुलाच्या मागावर एक नोकर पाठवतो आणि मुलाबद्दल खोट्यानाट्या गोष्टी पसरवून त्याची खबर काढायला सांगतो. पोटच्या मुलीला आमिष म्हणून वापरतो. पडद्याआड लपून दुसऱ्यांचं बोलणं ऐकताना हॅम्लेटच्या तलवारीने मरतो. थोडक्यात बोलण्यातच चतुराई आहे हे प्रसिद्ध वचनही याच पोलोनियसचं, आणि ते तो एका लांबलचक, कंटाळवाण्या भाषणाच्या मध्ये ऐकवतो. राणी शेवटी वैतागून त्याला मुद्द्यावर यायला सांगते.

याचा अर्थ पोलोनियसचा सगळा उपदेश टाकाऊ आहे असा नाही. बऱ्याच घरांत असे वडील असतात. सांगतात ते बरोबर असतं, वागतात ते वेगळं असतं. शेक्सपियरला हाच माणूस दाखवायचा होता.

नावात काही नसतं, हे ज्युलिएटचं म्हणणं मराठीत तर म्हणीसारखं रुळलंय. दुकानाच्या पाट्यांपासून बारशाच्या आमंत्रणांपर्यंत ते सापडतं. बोलणारी मुलगी अजून चौदा वर्षांचीही झालेली नाही. रात्री गच्चीत एकटी उभी राहून ती स्वतःची समजूत घालतेय, कारण ज्याच्यावर जीव जडलाय तो वैऱ्याच्या घरातला आहे. गुलाबाला दुसरं काही म्हटलं तरी त्याचा सुगंध जात नाही हा तिचा दाखला सुंदर आहे, पण नाटक तिला चूक ठरवतं. त्या दोन घराण्यांच्या नावांपायी रस्त्यात तलवारी निघतात, टिबॉल्ट मरतो, रोमिओ हद्दपार होतो आणि शेवटी दोघंही जातात. व्हेरोनात नावातच सगळं होतं. घरच्यांच्या विरोधात लग्न करू पाहणाऱ्या, आडनाव विचारलं की गप्प होणाऱ्या मुलामुलींना हे समजावून सांगायची गरज नाही.

‘ज्युलियस सीझर’मधली दोन वाक्यं प्रेरणादायी पोस्टवाल्यांची आवडती आहेत. एक, नशिबाला आणि ग्रहताऱ्यांना बोल न लावण्याबद्दलचं. कॅसियस हे ब्रूटसला सांगतो, पण कशासाठी? सीझरच्या खुनाच्या कटात ब्रूटसला ओढण्यासाठी. म्हणजे ज्याला आज आपण आत्मविश्वासाचं वाक्य म्हणतो ते मुळात एका सज्जन माणसाला भरीस घालण्यासाठी वापरलेलं आहे. दुसरं, भित्रेपणा आणि मरण यांची तुलना करणारं. ते खुद्द सीझरचं. बायको कॅल्पर्निया वाईट स्वप्न पडल्यामुळे घराबाहेर जाऊ नका म्हणून विनवतेय, तेव्हा तो हे ऐटीत बोलतो. त्यानंतर लवकरच तो बाहेर पडतो आणि मारला जातो. मारेकऱ्यांत ब्रूटसला पाहून त्याच्या तोंडून निघणारे तीन लॅटिन शब्दही जगभर प्रसिद्ध आहेत. ते इतिहासातल्या सीझरचे शब्द नसून रंगभूमीवरचे आहेत. शेक्सपियरच्या नाटकाआधीही ते इंग्रजीत छापून आले होते.

मोठेपण माणसाकडे वेगवेगळ्या वाटांनी येतं असं सांगणारं ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधलं वाक्य दहावी-बारावीच्या निरोप समारंभात ऐकू येतं. नाटकात ते एका बनावट पत्रात आहे. माल्व्होलियो या घमेंडखोर कारभाऱ्याची फजिती करायला मारिया नावाची दासी मालकिणीच्या अक्षरात हे पत्र लिहिते. तो पत्रावर विश्वास ठेवतो, पिवळे मोजे घालून मालकिणीसमोर हसत उभा राहतो आणि शेवटी वेडा ठरवून त्याला अंधारकोठडीत टाकतात. खोट्या मेसेजवर विश्वास ठेवून माणसाची अवस्था काय होते, याचं इतकं चपखल उदाहरण दुसरं सापडणार नाही. आणि नेमकं तेच वाक्य फॉरवर्ड होतं.

इयागोचं प्रकरण त्याहून वाईट. ‘ऑथेल्लो’मधला हा खलनायक. चांगलं नाव हा माणसाचा खरा दागिना आहे, पैशाची चोरी त्यापुढे काहीच नाही, असं तो ऑथेल्लोला गंभीरपणे सांगतो. त्याच्या थोडं आधी, अब्रू गेली म्हणून रडणाऱ्या कॅसियोला त्याने नेमकं उलटं सांगितलेलं असतं, की अब्रू वगैरे सगळं फोल आहे. समोरच्याला काय ऐकायला आवडेल ते ओळखून बोलायचं, हेच त्याचं कसब. दागिन्याचं ते वाक्य त्याने टाकलं ते ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरायला.

सगळी उदाहरणं अशी उलटी पडत नाहीत. जगाला रंगभूमीची उपमा देऊन माणसाच्या आयुष्याचे सात टप्पे सांगणारं ‘अ‍ॅज यू लाइक इट’मधलं भाषण जेक्विस या उदास स्वभावाच्या सरदाराचं आहे. शेवटचा टप्पा म्हातारपणाचा: दात नाहीत, डोळे नाहीत, चव नाही, काहीच उरत नाही. त्याचं हे बोलून संपतं न संपतं तोच ऑर्लँडो रंगमंचावर येतो. भुकेने गळून गेलेल्या आपल्या म्हाताऱ्या नोकराला, अ‍ॅडमला त्याने उचलून आणलेलं असतं. या अ‍ॅडमने आयुष्यभराची शिल्लक ऑर्लँडोच्या हाती ठेवलेली आहे. म्हातारपणात काहीच उरत नाही म्हणणाऱ्यासमोर शेक्सपियर हा म्हातारा आणून ठेवतो आणि स्वतः एक शब्द बोलत नाही. भाषण पाठ असणाऱ्या अनेकांना हा पुढचा क्षण माहीत नसतो, कारण उतारा तिथेच तोडलेला असतो.

आयुष्य म्हणजे निरर्थक गोंधळ आहे असं सांगणारं मॅक्बेथचं स्वगत निराश मनःस्थितीतल्या स्टेटसवर दिसतं. ते त्याला बायको वारल्याची बातमी मिळते तेव्हाचं आहे. राज्यासाठी दोघांनी मिळून खून केले, आता शत्रू दाराशी आहे आणि ती गेलीय. हॅम्लेटच्या जगण्यामरण्याच्या स्वगताबद्दल तर इतकं लिहिलं गेलंय की इथे एवढंच सांगणं पुरे: तो एकटा आहे असं समजून बोलतो, पण राजा आणि पोलोनियस जवळच लपलेले आहेत. आणि मुठीत कवटी धरलेला हॅम्लेटचा जो फोटो या ओळींवर लावतात, तो प्रसंगच वेगळा आहे. कवटी येते पाचव्या अंकात, स्मशानात. स्वगत आहे तिसऱ्या अंकात.

वकिलांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरणारी, सगळ्या वकिलांना आधी संपवा अशा अर्थाची कोटीही खरी आहे. ‘सहावा हेन्री’च्या दुसऱ्या भागात डिक नावाचा खाटीक ती करतो. तो दंगेखोरांच्या टोळीतला आहे.

मुळात त्याची नसलेली वाक्यं

अपेक्षा ठेवल्या की दुःख होतं म्हणून आपण कुणाकडून काही अपेक्षा ठेवत नाही, या अर्थाचं वाक्य शेक्सपियरच्या नावावर प्रचंड फिरतं. ते त्याच्या एकाही नाटकात किंवा कवितेत नाही. भाषा ऐकली तरी कळतं. तो गद्यात असो की पद्यात, इतकं सपाट लिहीत नाही. दुसऱ्यांच्या भावनांशी न खेळण्याबद्दलचा उपदेशही असाच बिनबुडाचा.

काहींचे मूळ मालक सापडतात. एकदा फसवणूक सुरू केली की माणूस कसं जाळं विणत जातो, हे सर वॉल्टर स्कॉटच्या ‘मार्मियन’ या 1808 मधल्या काव्यातलं आहे. झिडकारलेल्या स्त्रीच्या संतापाबद्दलचं ते प्रसिद्ध विधान विल्यम काँग्रीव्हच्या 1697 मधल्या नाटकातून आलंय. तुला पाहिलं आणि प्रेमात पडलो, तुला ते कळलं म्हणून तू हसलीस, असा भाव असलेलं गोड वाक्य लग्नपत्रिकांवर शेक्सपियरच्या नावाने छापतात. ते मूळ इटालियन आहे. व्हेर्दी या संगीतकाराच्या ‘फाल्स्टाफ’ या ऑपेरासाठी अर्रिगो बोइतोने ते लिहिलं. ऑपेरा शेक्सपियरच्या नाटकांवर बेतलेला होता, बहुधा त्यातून हा घोळ झाला.

चकाकणाऱ्या वस्तूला सोनं समजू नये, हे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये सोन्याच्या पेटीतल्या चिठ्ठीवर आहे खरं, पण ही म्हण शेक्सपियरच्या कितीतरी आधीपासून युरोपात प्रचलित होती. त्याने हजारो नवे इंग्रजी शब्द तयार केले हा दावाही असाच जरा फुगवलेला आहे. कोशकारांना अनेक शब्दांचा सर्वांत जुना वापर त्याच्या नाटकांत सापडला, कारण त्याची नाटकं त्यांनी सर्वांत बारकाईने वाचली होती. जुनी पुस्तकं संगणकावर शोधता यायला लागल्यावर त्यांतले बरेच शब्द आधीच्या लेखकांकडेही मिळाले.

नाटकातून वाक्यं तोडून वाटण्याची सवय मोबाइलने लावलेली नाही. शेक्सपियर जिवंत असताना, 1600 मध्येच, निवडक वचनांचे दोन संग्रह लंडनमध्ये निघाले आणि त्यांत त्याच्या ओळी होत्या. ‘हॅम्लेट’च्या 1603 च्या पहिल्या छापील प्रतीत तर पोलोनियसच्या उपदेशाच्या ओळींना खास खुणा केलेल्या आहेत, म्हणजे वाचकाने त्या आपल्या वहीत उतरवून घ्याव्यात. 1752 मध्ये विल्यम डॉड या धर्मोपदेशकाने शेक्सपियरमधल्या सुंदर उताऱ्यांचा संग्रह काढला, तो पिढ्यान्‌पिढ्या खपला. या डॉडला 1777 मध्ये लंडनमध्ये फाशी झाली. गुन्हा होता दुसऱ्याच्या नावाने खोटा दस्तऐवज केल्याचा.

मुलगा, मृत्युपत्र आणि मोठं पुस्तक

1596 च्या ऑगस्टमध्ये हॅम्नेट वारला. तो अकरा वर्षांचा होता. कारण नोंदलेलं नाही. चार-पाच वर्षांनी ‘हॅम्लेट’ रंगमंचावर आलं. डेन्मार्कच्या राजपुत्राची गोष्ट जुनीच होती आणि त्यावर इंग्रजीत आधी एक नाटकही होऊन गेलं होतं, पण स्ट्रॅटफर्डमध्ये ही दोन नावं एकमेकांच्या जागी सहज लिहिली जात. मॅगी ओ’फॅरेलची ‘हॅम्नेट’ ही 2020 ची कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा या धाग्यावरच उभा आहे. शेक्सपियरने मुलाच्या मृत्यूबद्दल उघडपणे काही लिहिलेलं नाही.

शेवटची वर्षं त्याने बरीचशी गावी काढली. 1616 च्या फेब्रुवारीत धाकट्या ज्युडिथचं लग्न झालं, जावई होता थॉमस क्विनी, म्हणजे 30 पौंड मागणाऱ्या त्याच रिचर्डचा मुलगा. या थॉमसचं दुसऱ्या एका स्त्रीशी असलेलं प्रकरण लगेच उघडकीला आलं. 25 मार्चला शेक्सपियरने मृत्युपत्रात फेरफार करून त्यावर सह्या केल्या. बहुतेक मालमत्ता सुझानाला. बायकोचा उल्लेख एकदाच येतो: तिला घरातला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग आणि त्यासोबतचं सामान. यावरून नवराबायकोचं पटत नव्हतं असं कुणी म्हणतं. चांगला पलंग पाहुण्यांसाठी असायचा आणि हा त्या दोघांचा होता, असं कुणी म्हणतं. महिन्याभरात तो गेला. नातवंडांपैकी एकालाही मूल झालं नाही आणि 1670 मध्ये नात एलिझाबेथ वारल्यावर त्याचा थेट वंश संपला.

त्याच्या हयातीत निम्मी नाटकं छापलीच गेली नव्हती. जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या दोन जुन्या सहकारी नटांनी 1623 मध्ये 36 नाटकांचा जाडजूड ग्रंथ काढला, तोच ‘फर्स्ट फोलिओ’. त्यातली अठरा नाटकं आधी कुठेच छापलेली नव्हती. ‘मॅक्बेथ’, ‘ज्युलियस सीझर’, ‘ट्वेल्फ्थ नाइट’, ‘अ‍ॅज यू लाइक इट’, ‘टेम्पेस्ट’ ही त्यांतली. या दोघांनी खटाटोप केला नसता तर वर सांगितलेल्या पात्रांपैकी निम्मी आज आपल्याला माहीतही नसती. शेक्सपियरचे म्हणून जे चित्र सगळीकडे वापरतात, मोठं कपाळ आणि पसरट कॉलरवालं, ते याच पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं.

मराठीत शेक्सपियर

मराठीत तो आला 1867 मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या ‘ऑथेल्लो’च्या भाषांतरातून. गोपाळ गणेश आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात असताना ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, ते ‘विकारविलसित’ या नावाने 1883 मध्ये प्रसिद्ध झालं. गणपतराव जोशी यांनी रंगवलेला हॅम्लेट त्या काळी गाजला. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं. वि. वा. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ हे ‘मॅक्बेथ’चं रूपांतर. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ आणि मंगेश पाडगावकरांनी ‘वादळ’ मराठीत आणलं.

आणि 1970 चं ‘नटसम्राट’. गणपतराव बेलवलकरांनी आयुष्यभर शेक्सपियरची पात्रं रंगवलेली आहेत आणि म्हातारपणी मुलांना सगळं देऊन टाकल्यावर त्यांच्या वाट्याला लिअरचंच नशीब येतं. त्यांचं प्रसिद्ध स्वगत हॅम्लेटच्या प्रश्नापासून सुरू होतं आणि पुढे स्वतःच्या वाटेने जातं. ते शिरवाडकरांचं आहे. सोशल मीडियावर त्याचे तुकडे शेक्सपियरच्या नावाने फिरतात, तेव्हा चूक दुहेरी होते.

एखादं वाक्य त्याचं आहे की नाही हे तपासायला फार वेळ लागत नाही. खऱ्या वाक्याला नाटकाचं नाव, अंक, प्रवेश आणि बोलणारं पात्र असा पत्ता असतो. सगळी नाटकं इंटरनेटवर मोफत वाचता येतात. वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपियर लायब्ररीच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधताही येतं. पत्ता सापडला तर त्याच्या पुढच्या-मागच्या दहा ओळीही वाचाव्यात. नाहीच सापडला, तरी वाक्य आवडलं असेल तर खालचं नाव काढून खुशाल पाठवावं.